एक वाजताचा डबा

१

शिवराम ओव्हाळ गेले गुरुवारी आणि त्यांचा डबा घरी आला शनिवारी.

डबा मागे राहिला आणि माणूस पुढे निघून गेला, असं एकतीस वर्षांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. डोंबिवलीच्या ‘निर्विष थेरपी सेंटर’चा शिपाई टिटवाळ्याला आला, तीन जिने चढला, कापडी पिशवी दाराच्या कडीला अडकवून निघून गेला. पिशवीत चपला, चष्मा, उपचाराची फाइल आणि स्टीलचा दोन खणी डबा.

दर्शनाने पिशवी आत घेतली. शिवरामची ही मोठी मुलगी, छत्तीस वर्षांची, वागळे इस्टेटमधल्या एका पॅकिंगच्या कंपनीत डिस्पॅच बघते. वडील गेल्यापासून तिने नातेवाइकांना फोन केले, दाखले आणले, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी चहाची पातेली चढवली आणि उतरवली. रडली मात्र नाही. बायका एकमेकींना म्हणत होत्या, खंबीर आहे हो पोर. कसली खंबीर! दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसा तिला अख्खा जीवच आपला वाटत नव्हता.

डबा धुवायला हवा म्हणून तिने उघडला. वरच्या खणात मेथीची भाजी, आंबून तार आलेली. खालच्या खणात भाकरी, घासाघासाएवढे तुकडे केलेली. वाळून कडक झालेली, पण एकही तुकडा उचललेला नव्हता.

“खाल्लं का गं त्यांनी?” आतून आईने, जाईबाईंनी विचारलं.

“नाही आई. तसाच आहे.”

जाईबाई पदर सावरत बाहेर आल्या. डब्यात बघितलं, मग लेकीकडे. “मग एक वाजलाच नसेल.”

हे बोलणं ओव्हाळांच्या घरातच कळेल असं. शिवराम वागळे इस्टेटमधल्या एका बॅटरीच्या कारखान्यात शिशाच्या पट्ट्या ओतायचे. तिथे एक वाजता भोंगा व्हायचा आणि डबे उघडायचे. कारखाना बंद पडला, भोंगा गंजला, पण शिवरामच्या पोटातला भोंगा काही बंद पडला नाही. लग्नात अक्षता पडायच्या राहिल्या तरी एकच्या ठोक्याला हा बाबा पंगतीत. तापातही एकला दोन घास. सेंटरच्या खुर्चीवर हाताला सलाईन असताना, आठही वेळा, एकला डबा उघडलेला.

दर्शनाने फाइल उघडली. नववं सत्र. सलाईन सुरू अकरा चाळीस, समाप्त दोन चाळीस. अस्वस्थता दोन पंचेचाळीस. हृदय बंद पडून मृत्यू.

“दोन पंचेचाळीसला गेले म्हणतात,” ती म्हणाली. “मग एकला जेवले का नाहीत?”

“ताई, पुरे कर ना आता.” धाकटा भाऊ राजरत्न भिंतीला टेकून बसला होता. “आबा गेले. डबा बघून परत येणारेत का? मी बोललेलो ना, सरकारी हॉस्पिटलात दाखवू. तूच नेलंस त्यांना तिथे.”

तेवढ्यात दारात मारुतीकाका आले. शिवरामचे कारखान्यातले जोडीदार, एकाच भट्टीवर उभे राहिलेले. जयभीम घातला, जाईबाईंसमोर मान खाली घालून बसले, आणि उठताना सहज म्हणाले, “शिवाची वेळ भरलेली, दुसरं काय. येतो मी. या गुरुवारी माझं पण सहावं सलाईन आहे तिथंच.”

२

सरोजकाकू डोंबिवलीत पश्चिमेला राहतात. औषध निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या, पण निवृत्ती काही अंगात मुरली नाही. बिस्किटाचा पुडा हातात आला तरी आधी उलटा करून मागचं बारीक वाचतील, मग फोडतील. जाईबाईंनी बारा वर्षं त्यांच्याकडे पोळ्या केल्या. दर्शनाचा दहावीचा अभ्यास त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर झालेला.

रविवारी सकाळी दर्शना त्यांच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. सपाट आवाजात, ऑफिसात माल कुठे अडकला ते सांगावं तसं.

आबांचे पाय दुखायचे, थकवा यायचा. कारखान्यातल्या जुन्या मंडळींत बोलबाला झालेला की अंगात शिसं साठलंय, कीलेशन करून घ्या, सलाईनमधून विष धुऊन निघतं. दर्शना काही आंधळेपणाने गेली नव्हती. तीन ठिकाणं पाहिली तिने. कल्याणला एकाने फ्लॅटच्या हॉलमध्ये दुकान मांडलेलं, तिथून ती उंबऱ्यावरूनच परतली. दुसरीकडे बाटल्यांवर लेबलंच नव्हती. निर्विषमध्ये मात्र भिंतीवर फ्रेममध्ये प्रमाणपत्र होतं: डॉ. वसंत खारकर, एम.डी. तिने नोंदणी क्रमांक तळहातावर उतरवून घेतला, घरी येऊन वैद्यकीय परिषदेच्या साइटवर टाकला. खरा निघाला. नूतनीकरणसुद्धा झालेलं.

“आणखी काय तपासायचं असतं, काकू?” तिने विचारलं. “मला तेवढंच सांगा. माझं चुकलं असेल तर चुकलं म्हणा. पण कुठे चुकलं ते मला कळायला हवं.”

“आधी तपासणी कशी केली त्यांनी? रक्त घेतलं?”

“लघवी. आदल्या रात्री एक गोळी दिलेली, घेऊन या म्हणाले.”

सरोजकाकूंनी कपाळावर हात मारला. “अगं, तीच गोळी शिसं ओढून लघवीत आणते! ती देऊन कोणाचीही लघवी तपासलीस, माझी, तुझी, तरी आकडा वरच येणार. विहीर ढवळायची आणि मग म्हणायचं पाणी गढूळ आहे. शिसं बघायचं ते रक्तात, आणि गोळीबिळी न देता.”

दर्शनाने मान हलवली. हे आत कुठेतरी टोचायला हवं होतं. टोचलं नाही.

“आणि सलाईन,” काकू पुढे म्हणाल्या. “औषध वाईट नाही. खरंच शिसं चढलेल्या माणसाला हॉस्पिटलात देतात, जीव वाचतो. पण ते जातीचं हावरट. शिशाबरोबर रक्तातला कॅल्शियमही ओढतं, आणि कॅल्शियमवर हृदय चालतं. म्हणून ते थेंबथेंब, तीन-तीन तास देतात. घाईने सोडलं तर हृदय जागच्या जागी थांबतं. शवविच्छेदन झालं?”

“नाही. ते म्हणाले हार्टचंच आहे, वय झालेलं. आम्ही घेऊन आलो.”

“तू किती वाजता पोचलीस?”

“तीनला फोन आला. वागळेहून निघून सव्वाचारला पोचले. आई आधीच आलेली. आई म्हणाली, अंग अगदी गार पडलंय, हात ताठलाय.” ती थांबली. “बाहेर गर्दी होती. मोफत तपासणी शिबिर होतं एक वाजल्यापासून. लोक टोकन घेऊन बसलेले.”

“दीड तासात ताठला?” सरोजकाकूंनी चष्मा काढला. “अकरा चाळीस ही वेळ तरी खरी आहे का?”

“हो. सुई लावल्यावर आबांनी मला फोन केलेला.”

“मग हिशेब सोपा आहे, बाळ. तुझे आबा एकच्या आत गेले. आणि फाइलमध्ये बाटली रिकामी लिहिली आहे. तीन तासांची बाटली तासाभरात रिकामी झाली. कोणी केली, ते शोधायचं.”

३

शिवरामचा आणखी एक स्वभाव होता. कारखाना बंद झाला तेव्हा निम्म्या कामगारांकडे आपण तिथे होतो हे दाखवायला कागदाचा चिटोरा नव्हता. तेव्हापासून त्यांनी नेमच धरला. हातात कागद आला की झेरॉक्स. विजेचं बिल, रेशन कार्ड, नातवाच्या शाळेची चिठ्ठी, काहीही. टिटवाळा स्टेशनबाहेरचा झेरॉक्सवाला त्यांना बघितलं की मशीन चालू करायचा.

जाईबाईंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. सोमवार होता, सरोजकाकू स्वतः तीन जिने चढून आल्या होत्या, धापा टाकत.

“लिफ्ट नाही का गं तुमच्याकडे?”

“शुक्रवारी सुरू झाली आणि त्याच रात्री बंद पडली,” दर्शना म्हणाली. गुरुवारी संध्याकाळी पाचला लिफ्टचं उद्घाटन होतं. सोसायटीतले सगळ्यात वयस्कर म्हणून पहिलं बटण शिवराम दाबणार होते. उद्घाटन एक दिवस पुढे ढकललं. शुक्रवारी शिवरामना जिन्याने खाली नेलं. दोन वर्षं ते त्या लिफ्टची वाट बघत होते.

पेटीत निर्विषच्या उपचार कार्डाची झेरॉक्स सापडली. कार्डावर दहा रकाने. प्रत्येक सत्राची तारीख आणि डॉक्टरची सही. सेंटरकडून आलेल्या फाइलमधलं मूळ कार्ड काकूंनी शेजारी ठेवलं. त्यात नऊ सह्या. दहाव्या रकान्यावर पांढरी शाई फासलेली.

“पांढरी शाई कशाला?” राजरत्न वाकून म्हणाला.

“झेरॉक्स बघ.”

झेरॉक्स सातव्या सत्रानंतरची. तारखा सातच भरलेल्या. सह्या मात्र दहाच्या दहा. आठवी, नववी, दहावी. जी सत्रं व्हायची होती त्यांच्याही.

“आधीच सह्या करून ठेवल्यात?” राजरत्नचा आवाज चढला. “म्हणजे डॉक्टर तिथे नसतोच?”

“नीट बघा. पहिली सही गोलगरगरीत. चौथीला जरा हलली. सातवी डगमगते, दहावीचं तर शेवटचं अक्षर खालीच घसरलं. दहा आठवड्यांत दहा सह्या केल्या असत्या तर अशा क्रमाने थकल्या नसत्या. ह्या एका बैठकीत केल्यात, आणि करणाऱ्याचा हात कापतो. दर्शना, तुझा डॉक्टर किती वयाचा?”

“असेल पंचेचाळीसचा. चांगला धडधाकट.”

“ही सही म्हाताऱ्या माणसाची आहे. तुझ्या डॉक्टरचं नाव काय?”

“डॉक्टर खारकर.”

“कोणी सांगितलं?”

“भिंतीवर होतं ना.”

“भिंतीचं नाही विचारलं मी. पांढरा कोट घालून जो तुझ्यासमोर बसायचा, तो स्वतःचं नाव काय सांगायचा?”

दर्शनाने तोंड उघडलं. नऊ आठवडे ती त्या माणसाशी बोलत होती. डॉक्टर, आबांना चक्कर येते. डॉक्टर, बीपीची गोळी चालू ठेवायची का? बरं डॉक्टर. येते डॉक्टर. तिने त्याचं नाव कधी विचारलंच नव्हतं.

४

परिषदेच्या साइटवर खारकरांचा ठाण्याचा पत्ता होता. मंगळवारी सकाळी तलावाजवळच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये सरोजकाकूंनी दाराची बेल वाजवली तेव्हा दर्शना मनात प्रार्थना करत होती की दार तोच माणूस उघडो. सगळा भ्रम असो, डॉक्टरचा हात त्या दिवशी दुखत असो.

दार ऐंशीच्या एका गृहस्थांनी उघडलं. उजवा हात सारखा थरथरत होता.

“डॉक्टर खारकर आहेत का?”

“मीच खारकर. या, बसा ना.”

दर्शनाने त्या गृहस्थांना जन्मात पाहिलं नव्हतं.

खारकर मूळचे खाडीकाठच्या गावातले, मिठागरावर कष्ट केलेल्या बापाचं डॉक्टर झालेलं पोर. बोलायला मऊ. कंपवात झाल्यावर दवाखाना बंद केला, म्हणाले. सुदेश म्हणून एक मुलगा औषध कंपनीची बॅग घेऊन वीस वर्षं त्यांच्याकडे यायचा. तो म्हणाला, डॉक्टर, तुमचं नाव वाया कशाला घालवता? सेंटर मी चालवतो, मार्गदर्शन तुमचं.

“महिन्याच्या पहिल्या रविवारी तो कार्डं घेऊन येतो. मी सह्या करतो. पेशंट सगळे उत्तम आहेत म्हणाला.” त्यांनी झेरॉक्सकडे पाहिलं. “हे कोण शिवराम? कसे आहेत?”

“माझे वडील,” दर्शना म्हणाली. “गुरुवारी गेले. खुर्चीतच.”

म्हाताऱ्याचा हात इतका हलायला लागला की त्यांनी तो दुसऱ्या हाताने दाबून धरला. “सुदेश म्हणाला नाही मला,” ते दोनदा म्हणाले. मग लहान मुलासारखं विचारलं, “मी नाव द्यायला नको होतं का?”

“नाव देणं म्हणजे माणूस तिथे असणं, डॉक्टर,” सरोजकाकू शांतपणे म्हणाल्या. “तुमच्या नावावर विश्वास ठेवून ही पोरगी वडिलांना घेऊन गेली. हे सगळं लिहून द्याल?”

“देईन. सही जरा वाकडी येईल.”

दर्शनाला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला वाटलं, आबाही यांच्याकडे बघून असंच म्हणाले असते, बसा डॉक्टर, पाणी घ्या. खाली उतरताना ती म्हणाली, “म्हणजे पांढऱ्या कोटातला तो सुदेश. त्यानेच मारलं.”

“त्याने डॉक्टरचं सोंग आणलं हे सिद्ध झालं,” काकू म्हणाल्या. “सलाईन कोणी सोडलं ते अजून नाही.”

५

सलाईन लावायची ती दीप्ती. मोहन्याला राहते, बंद पडलेल्या रेयॉन कारखान्याच्या बाजूला. सहा महिन्यांचा कोर्स केलेली, तेवीस वर्षांची. मंगळवारी संध्याकाळी दोघी तिच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“मी काय नाही केलं, ताई. साहेब बोलतात तेवढंच मी करते.”

“बाटली तासात कशी संपली, दीप्ती?” काकूंनी सरळ विचारलं.

ती पाठ केल्यासारखं बोलली. “काकांनीच चाक फिरवलं. नळीवरचं. डाव्या हाताला सुई होती, उजवा मोकळा होता. मी दुसऱ्या पेशंटकडे गेलेली, वळून बघितलं तर सलाईन धो धो चाललेलं. काका बोलत होते, लवकर आटपायचंय. घरी पाचला लिफ्टचं उद्घाटन आहे, मुलीने फोन करून सांगितलंय उशीर करू नका.”

दर्शना जिथे उभी होती तिथेच राहिली.

फोन तिनेच केला होता. गुरुवारी सकाळी, ऑफिसात पोचल्यावर. आबा, पाचला उद्घाटन आहे हं, उशीर करू नका, सगळे तुमच्यासाठी खोळंबतील. हे दीप्तीला कसं माहीत असणार? आबांनीच सांगितलं असणार.

परतीला दोघींनी रिक्षा केली. दर्शना कल्याणला उतरली. तिला रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. फक्त एक वाक्य डोक्यात फिरत होतं. सेंटर मी निवडलं, घाई मी केली. राजरत्न बरोबर म्हणत होता. आता सुदेशला धरून तरी काय उपयोग?

घरी जाईबाईंनी ताट वाढलं. “खा दर्शू, चार दिवस नुसत्या चहावर आहेस.”

ताटात भाकरी होती. घासाघासाएवढे तुकडे केलेली.

“आई, मला कशाला तुकडे करून दिलेस?”

जाईबाईंनी ताटाकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरले. “हाताला सवय लागली गं. भाकरी तव्यावरून उतरली की हात आपोआप तोडतो. त्यांना कुठे तोडता यायची…”

दर्शनाचा हात ताटावरच थांबला. मग ती ताडकन उठली आणि फोन शोधायला लागली.

“काकू,” तिचा आवाज पहिल्यांदाच कापत होता, “तुमच्याकडे सलाईनची नळी आहे का? तसलं चाक असलेली?”

६

बुधवारी सकाळी अकराला निर्विषच्या केबिनमध्ये सुदेश पांढरा कोट घालून बसला होता. समोर सरोजकाकू, दर्शना, राजरत्न. दारात दीप्ती, हाताची घडी घालून.

“बघा, तुमचं दुःख मी समजू शकतो,” सुदेश म्हणाला. “पण सगळं प्रोटोकॉलप्रमाणे झालंय. तीन तास सलाईन, दोन चाळीसला संपलं. फाइलमध्ये आहे.”

दर्शनाने डबा टेबलावर ठेवला. तिने तो अजून धुतला नव्हता. एकच्या भोंग्याची गोष्ट तिने चार वाक्यांत सांगितली. आठ सत्रं एकला जेवलेला माणूस नवव्या सत्राला पावणेतीनपर्यंत उपाशी कसा बसला?

“वाटल्यास तुमच्या रोजच्या पेशंटना विचारू,” काकूंनी जोड दिली. “ते हसायचे म्हणे, काकांना बघून घड्याळ लावा.”

सुदेशने दीप्तीकडे एकदा बघितलं. मग खुर्चीत पुढे सरकला. “ठीक आहे. मला बोलायचं नव्हतं, मयत माणसाबद्दल. सलाईन लवकर संपलं. काकांनी स्वतःच चाक फिरवलं. उजव्या हाताने. घाई होती त्यांना, मुलीने फोन केलेला. म्हणून तर मी वेळा बदलल्या. तुम्हाला आयुष्यभर टोचत राहिलं असतं, ताई. तुमच्यासाठीच केलं मी.”

“वा!” सरोजकाकू म्हणाल्या. “म्हणजे तीन तास लागले नाहीत, हे कबूल.”

सुदेशच्या चेहऱ्यावरचं आर्जव जागच्या जागी थिजलं.

काकूंनी पर्समधून सलाईनची नळी काढली, खिडकीच्या गजाला टांगली, चाक घट्ट आवळलं. “हे उघडून दाखवा. एका हाताने. फक्त अंगठा दुमडून घ्या आत, तळव्यात.”

“हा काय फालतूपणा…”

“दाखवा ना. तुम्ही डॉक्टर.”

त्याने चार बोटांनी चाक धरायचा प्रयत्न केला. नळी निसटली. पुन्हा धरली. पुन्हा निसटली. चाक बोटांखाली होतं, पण त्याला मागून आधार द्यायला काही नव्हतं. तिसऱ्या वेळी त्याने नळी झटकून दिली.

“अंगठा का दुमडायचा पण?”

“कारण माझ्या आबांना उजवा अंगठा नव्हता,” दर्शना म्हणाली. “चौऱ्याण्णवला प्रेसखाली गेला. ते तो हात रुमालाखाली ठेवायचे, लाजायचे. चार बोटांनी घास उचलता यायचा, भाकरी तोडता यायची नाही. म्हणून आई तुकडे करून द्यायची.” तिने डब्याचा खालचा खण त्याच्यासमोर सरकवला. “नऊ वेळा तुम्ही त्यांना तपासलंत. खऱ्या डॉक्टरला पहिल्या दिवशी दिसलं असतं.”

मग दारातून दीप्तीचा आवाज आला, रडवेला.

“मी फिरवलं.”

“दीप्ती, गप्प!”

“नाही साहेब. मला झोप नाही येत.” ती दर्शनाकडे वळली. “एकला शिबिर होतं ना, ताई. साहेब बोलले खुर्च्या मोकळ्या कर, सगळ्यांचं फुल सोड. मी बोलले, तीन तास लिहिलंय. ते बोलले, काय होत नाही. काका मला लिफ्टबद्दल सांगत होते, हसत होते, पहिलं बटण मी दाबणार, बोटाने दाबेन म्हणाले. मग बोलले तोंडाला मुंग्या येतायत. आणि मग… पावणेएक वाजलेला. साहेब आले, बघितलं आणि बोलले आतल्या खोलीत न्या, बाहेर लोक यायला लागलेत. शिबिर सुरू झालं मग. दोन तास कळवलं नाही कोणाला. काका आत होते.”

राजरत्न उठला तो सुदेशच्या अंगावरच जाणार होता. दर्शनाने त्याचा दंड धरला. तिला सव्वाचारला टोकन घेऊन बसलेले ते लोक आठवले. एका बाईने तिला सरकून जागासुद्धा दिली होती.

पुढचं काय सांगायचं? खारकरांचं लेखी होतं, कार्डाची झेरॉक्स होती, दीप्तीने पोलिसांपुढे तेच पुन्हा सांगितलं. संध्याकाळपर्यंत निर्विषच्या दाराला सील लागलं. पायऱ्या उतरताना दर्शनाने काकूंना विचारलं, “मग माझं चुकलं कुठे?”

सरोजकाकू खोटा दिलासा देणाऱ्यातल्या नव्हत्या. “तू कागद तपासलास. माणूस तपासला नाहीस. आपल्यात डॉक्टरला नाव विचारणं म्हणजे अपमान. डॉक्टर म्हणायचं आणि हात जोडायचे. त्या एका सवयीवर त्याचं दुकान चाललं. पण ऐक, चूक वेगळी आणि पाप वेगळं. पाप त्याचं आहे. ते घरी घेऊन जाऊ नकोस.”

राजरत्न दोन पायऱ्या खाली थांबला होता. “ताई,” तो जमिनीकडे बघत म्हणाला, “मी बोललो ते मनावर घेऊ नको. मी तरी कुठे नाव विचारलेलं?”

७

गुरुवारी मारुतीकाकांना घेऊन दर्शना ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेली. काकांना खुर्चीत बसवण्याआधीच तिने समोरच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, “तुमचं नाव काय, डॉक्टर?”

मारुतीकाकांनी ओशाळून तिचा कोपर दाबला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या, छातीवरचं ओळखपत्र सरळ केलं. “प्राची म्हात्रे. विचारलंत ते बरं केलंत. सहसा कोणी विचारत नाही.”

दर्शनाने नाव लिहून घेतलं. मग एकेक करून विचारत गेली. गोळी न देता रक्त तपासणार ना? किडनी, कॅल्शियम आधी बघणार? सलाईन लागलंच तर शेजारी कोण थांबणार, हृदयावर नजर कशी ठेवणार, बाटलीचं लेबल आम्हाला बघता येईल? एकाही प्रश्नाला बाई चिडल्या नाहीत.

रिपोर्ट घ्यायला दोघं पुढच्या सोमवारी गेले. शिसं होतं, जुन्या कामगाराच्या अंगात असतं तेवढं. “याला सलाईन लागत नाही,” डॉक्टर म्हात्रे म्हणाल्या. “पायदुखी साखरेमुळे आहे. गोळ्या देते.”

दोघं बाहेर बाकावर येऊन बसले. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली. दोघं एकाच भट्टीवर, तितकीच वर्षं. शिवरामलाही लागत नव्हतं. दर्शनाने ते बोलून टाकलं. “आबांनाही लागत नव्हतं, काका.”

भिंतीवर घड्याळ नव्हतं. तरी थोड्या वेळाने काका चुळबुळले, पिशवीत हात घालून डबा काढला. दर्शनाने मोबाइल बघितला. एक वाजला होता.

डबा जाईबाईंनी दिलेला, तोच स्टीलचा, घासून लखलखीत केलेला. काकांनी खालचा खण उघडला. भाकरीचे घासाघासाएवढे तुकडे. काकांना दोन्ही अंगठे धडधाकट आहेत.

“कारखान्यात मी रोज याच्यातला एक तुकडा उचलायचो,” ते म्हणाले. “आयता मिळायचा ना. शिवा म्हणायचा, चोरा, तुला काय अंगठे नाहीत का? घे पोरी, तू पण घे.”

दर्शनाने एक तुकडा उचलला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. तिला सपाटून भूक लागली होती. दुसरा घास घेताना तिला रडू फुटलं, भर कॉरिडॉरमध्ये, तोंडात घास असताना, आणि ती रडत रडत जेवत राहिली.